डिक लबो: कॉर्नरबॅक ते कोच, ५९ सीझन आणि झोन ब्लिट्झ

तळ्याकाठी (धागाकर्ता)

सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलची फायनल) जवळ आला की इथे क्वार्टरबॅकमध्ये ब्रेडी मोठा की मॉन्टाना मोठा असा धागा निघतोच, आणि मग शंभरीपर्यंत तीच भांडणं. डिफेन्सवाल्यांचं नाव कोणी काढत नाही. म्हणून म्हटलं यावेळी आपणच एक काढावा, तोही अशा माणसावर जो खेळाडू आणि कोच मिळून एनएफएलमध्ये (तिकडची व्यावसायिक लीग) सलग ५९ सीझन होता. १९५९ ला आत आला आणि २०१७ चा सीझन संपवून बाहेर पडला तेव्हा ऐंशी वर्षांचा होता. डिक लबो.

ज्यांना हा खेळ लांबूनच माहितीये त्यांच्यासाठी जरा पाया घालतो, बाकीच्यांनी पुढे उडी मारा. क्वार्टरबॅक बॉल घेऊन दोन-चार पावलं मागे जातो आणि पळणाऱ्या रिसीव्हरला फेकतो. समोरच्या डिफेन्सकडे ११ माणसं. जास्त माणसं त्याच्या अंगावर सोडली तर तो ब्लिट्झ, बिचाऱ्याला विचार करायला वेळ मिळत नाही, पण मग मागे राखण करायला माणसं उरत नाहीत. उलट सगळी मागे ठेवली तर तो निवांत उभा राहून हवा तो रिसीव्हर निवडतो. आणि कॉर्नरबॅक म्हणजे मैदानाच्या कडेला सर्वात वेगवान रिसीव्हरसमोर एकटा सोडलेला गडी. ब्लिट्झ फसला की टीव्हीवर पाठमोरा धावताना दिसतो तो हाच, आणि शिव्या पण त्यालाच.

लबो १४ वर्षं तिथे उभा होता, माझ्या मते पुढचं सगळं त्यातून आलंय.

माणूस ओहायोतल्या लंडन नावाच्या छोट्या गावचा, जन्म १९३७. ओहायो स्टेटला वुडी हेजच्या हाताखाली खेळला, १९५७ ला राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेल्या टीममध्ये होता. १९५९ ला क्लीव्हलंड ब्राउन्सनी ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या पोरांची वाटणी) पाचव्या राउंडला घेतला आणि कॅम्पमधूनच घरी पाठवला. तिथून डेट्रॉइट लायन्सनी उचलला आणि मग १९७२ पर्यंत तो हललाच नाही. ६२ इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्याने फेकलेला बॉल मधेच पकडायचा. सलग १७१ मॅच, एकही चुकवली नाही. निवृत्त झाला तेव्हा इंटरसेप्शनच्या यादीत पूर्ण इतिहासात तिसरा होता. आणि वयाने थकत गेला म्हणावं तर १९७० ला, तेहतिसाव्या वर्षी, एका सीझनमध्ये ९ काढले, त्याच्या करिअरमधले सर्वात जास्त.

तरी नाव झालं नाही, कारण शेजारी कोण बघा. आधी नाइट ट्रेन लेन आणि येल लॅरी, नंतर लेम बार्नी. तिघेही हॉल ऑफ फेममध्ये (१९७४, १९७९, १९९२). क्वार्टरबॅकला लेन किंवा बार्नीच्या बाजूला फेकायची भीती, म्हणून बॉल यायचा लबोच्या बाजूला, दिवसभर. लोक म्हणायचे बॉलच इतके येतात म्हणून इंटरसेप्शन मिळतात. अरे पण दिवसभर बॉल येऊनही १४ वर्षं कोणी जागेवरून काढलं नाही याचं काय?

आता १९६२ ची थँक्सगिव्हिंगची मॅच. ग्रीन बे पॅकर्स त्या सीझनला १३-१ होते, ती एक हार म्हणजे ही मॅच. लायन्स २६, पॅकर्स १४. बार्ट स्टारला ११ वेळा जमिनीवर पाडला. पुढे अॅलेक्स कॅरस, रॉजर ब्राउन असले राक्षस आणि मागून लाइनबॅकर (लाइनच्या मागची दुसरी फळी) पण सुटलेले. मागे उभ्या असलेल्या कॉर्नरबॅकला असा दिवस म्हणजे सुट्टीच. आणि मजा पुढे आहे. खेळणं संपल्यावर लबो आधी फिलाडेल्फियाला स्पेशल टीम्स (किकच्या वेळी उतरणारी माणसं) बघायला गेला, मग १९७६ ला ग्रीन बेमध्ये कोच झाला, तर तिथे साहेब कोण? बार्ट स्टार. १९८० ला सिनसिनाटी बेंगल्सला गेला, तिथे साहेब फॉरेस्ट ग्रेग, जो त्या पॅकर्सच्या लाइनमध्ये स्टारला वाचवायला होता. ज्यांना चोपलं त्यांनीच नोकरी दिली :)

१९८४ ला तो बेंगल्सचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झाला, म्हणजे सगळा डिफेन्स त्याच्या हातात. तेव्हा पासिंग बदलत होतं, फॉर्टी नायनर्सचा कोच बिल वॉल्शचा झटपट फेकायचा प्रकार सगळीकडे पसरत होता. ब्लिट्झ केला तर क्वार्टरबॅक तुमची माणसं पोचायच्या आत तुम्ही रिकाम्या केलेल्या जागेतच बॉल टाकायचा, नाही केला तर तुम्हाला दिवसभर कापायचा. लबोला दबाव पाहिजे होता पण कॉर्नरबॅकला वाऱ्यावर न सोडता. तो बिल आर्न्सपार्गरला भेटला, सत्तरच्या दशकातल्या मायामी डॉल्फिन्सच्या डिफेन्सचा मेंदू, तेव्हा एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) हेड कोच. त्याने याला नेमका शब्द दिला, ‘सेफ प्रेशर’. परतताना विमानात पेपर नॅपकिनवर आकृत्या काढत बसला असं सांगतात.

त्यातून झोन ब्लिट्झ. आज शाळेच्या टीमपण खेळतात तो. याच्यावर सविस्तर प्रतिसादात बोलू, इथे लांबण लागली.

पुढचा हिशोब पटकन: बेंगल्स १९९१ पर्यंत, मग पिट्सबर्ग स्टीलर्स, परत बेंगल्स (तिथे हेड कोच पण झाला), एक वर्ष बफेलो, मग २००४ ते २०१४ परत स्टीलर्स, शेवटी टेनेसी टायटन्स. सुपर बोल दोन जिंकले, चार हरला. २०१० ला हॉल ऑफ फेम मिळालं, वयाच्या ७२ व्या वर्षी, आणि तेही खेळाडू म्हणून!

बोला आता.

नवखा_प्रेक्षक

मस्त लेख, पहिल्यांदा कोणी कॉर्नरबॅकच्या बाजूने लिहिलेलं वाचलं. पण मला झोन ब्लिट्झ मधली गंमत अजून कळली नाही. दीडशे किलोच्या लाइनमनला मागे पळवून काय मिळतं? तो काय रिसीव्हरच्या मागे धावणारे का? आमच्या ऑफिसात सगळे माना डोलावतात मी पण डोलावतो.

तळ्याकाठी

नवखा, तो धावणार नाहीये, त्याने फक्त तिथे असायचंय.

असं बघ. क्वार्टरबॅकला लहानपणापासून घोकून घेतलेलं असतं की जिथून माणूस तुझ्या अंगावर येतो ती जागा रिकामी झाली, डोळे मिटून तिथे फेक. आता समज उजवीकडून लाइनबॅकर आणि त्याच्या मागून कॉर्नरबॅक पण सुटला. ऑफेन्सची लाइन ओरडून ठरवते डावीकडचा तो मोठा लाइनमन येणार, त्याला दोघांनी धरा. स्नॅप होतो (बॉल क्वार्टरबॅककडे जातो) आणि तो मोठा एक पाऊल पुढे टाकल्यासारखं करून उलटा मागे जातो. झालं, दोन दांडगे गार्ड हवेला धरून उभे, आणि पलीकडून आलेल्याला अडवायला कोणी नाही. क्वार्टरबॅक घाबरून सवयीने छोट्या पासच्या जागी फेकतो तर तिथे तो दीडशे किलोचा देह हात वर करून उभा. पकडला तर इंटरसेप्शन, नाही पकडला तरी बॉल आपटून खाली.

आणि मोजून बघ, अंगावर पाचच गेले. मागे तीन जवळच्या पट्ट्यात, तीन खोलवर. म्हणजे कॉर्नरबॅक एकटा नाही, त्याच्या डोक्यावरून कोणी पळालं तर मागे माणूस आहे. येणारे पाचच पण कुठले पाच ते कळू द्यायचं नाही, एवढाच खेळ.

घाटावरचा

आता कळलं. हे कबड्डीतलंच आहे राव. कोपरा मुद्दाम वाकून घोटा धरायच्या पवित्र्यात उभा राहतो, चढाईवाला त्याच्यावर डोळा ठेवून दुसऱ्या बाजूला सरकतो आणि तिथे साखळी टपलेली असते. कोपऱ्याने हातसुद्धा लावायची गरज नाही.

कडू_कारलं

भक्तीभाव आवडला :) पण जरा दुसरी बाजू. या लबोला हेड कोच केलं तेव्हा काय दिवे लावले? सप्टेंबर २००० मध्ये हेड कोच ब्रूस कॉस्लेट ०-३ वर राजीनामा देऊन गेला, याच्या हातात बेंगल्स आले. उरलेल्या १३ मध्ये ४-९. पुढच्या वर्षी ६-१०. त्याच्या पुढच्या वर्षी २-१४. एकूण १२-३३. हे लेखात एका कंसात उरकलंत! ‘तिथे हेड कोच पण झाला’ म्हणे. एवढा मेंदू होता तर टीम का नाही चालवता आली?

सुपारी

कारलेबुवा, नव्वदच्या दशकातले बेंगल्स म्हणजे काय होतं ते बघा की जरा. त्या टीमला कोणीही काही करू शकला नसता. डेव्हिड शूला असाच गेला, कॉस्लेट असाच गेला.

कडू_कारलं

लबोनंतर २००३ ला मार्व्हिन लुइस आला आणि पहिल्याच वर्षी ८-८. तीच टीम, तोच मालक.

तळ्याकाठी

कारलेबुवा, कंसात उरकलं हे खरंय, लांबी बघून उरकलं. पण माझं मत ऐका. हेड कोच म्हणजे निम्मा वेळ मालक, पत्रकार, क्वार्टरबॅकचा अहंकार, पगाराच्या मर्यादा, ड्राफ्ट. लबो खोलीत ११ जण आणि खडू-फळा यातला माणूस. १२-३३ हा त्याच्या कामाचा हिशोब आहे, नाही कोण म्हणतंय, पण तो दुसऱ्या कामाचा हिशोब आहे. आपल्याकडे पण उत्तम शिक्षकाला बढती देऊन मुख्याध्यापक करतात आणि शाळा दोन्ही गमावते.

आणि त्या २-१४ नंतर तो काय करतो बघा. वय ६५. दुसरा कोणी गोल्फ खेळत बसला असता. हा बफेलोला सहाय्यक म्हणून गेला, मग २००४ ला स्टीलर्समध्ये जुन्याच खुर्चीत, डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. त्या वर्षी स्टीलर्स १५-१. एकदा साहेब होऊन मग पुन्हा हाताखाली काम करायला लोकांना जड जातं, याला काहीच वाटलं नसावं.

मार्व्हिन लुइसबद्दल: तो १९९२ ला पिट्सबर्गमध्ये लाइनबॅकर्सचा कोच होता आणि त्याच स्टाफवर लबो कॉर्नर-सेफ्टींचा (सेफ्टी म्हणजे सर्वात मागचे राखणदार). म्हणजे तो पण त्याच घरातला.

मंजिरी_कोलंबस

लंडनचं नाव वाचून आनंद झाला :) आमच्यापासून पश्चिमेला गाडीने अर्धा-पाऊण तास, चहूबाजूंनी मक्याची आणि सोयाबीनची शेतं. इथल्या मराठी मंडळींना एक गोष्ट पहिल्या वर्षीच कळते ती म्हणजे ओहायो स्टेटची मॅच असेल त्या शनिवारी कार्यक्रम ठेवायचा नाही, हॉलमध्ये आपण आणि आपला बटाटेवडाच उरतो. माझ्या शेजारी एक आजोबा आहेत, त्यांना वुडी हेजबद्दल विचारलं की तासभर गेला. हेजला पासिंग आवडायचंच नाही, बॉल हातात घेऊन घुसायचं, तीन-तीन यार्ड काढायचे. आणि तेव्हाच्या कॉलेजच्या नियमांत खेळाडू सहज बदलता येत नसत, म्हणून लबोसारख्या पोराला तिथे दोन्हीकडे खेळायला लागायचं, ऑफेन्सला हाफबॅक आणि डिफेन्सला पण तोच. मला वाटतं बॉल हातात घेऊन पळायची सवय त्याला तिथे लागली असणार, इंटरसेप्शननंतर ७६२ यार्ड पळालाय तो.

सुपारी

मी बेंगल्सवाला (हो आहेत असे लोक, हसू नका), तर माझ्या टीमची जखम मीच उघडतो. सुपर बोल २३, जानेवारी १९८९, मायामी. लबोचा डिफेन्स विरुद्ध फॉर्टी नायनर्सचा मॉन्टाना आणि त्याचा रिसीव्हर जेरी राइस. पहिल्याच क्वार्टरमध्ये आमचा नोज टॅकल (लाइनच्या मधोमधचा गडी) टिम क्रमरी पाय मोडून बाहेर. तरी डिफेन्सने तिसरा क्वार्टर संपेपर्यंत त्यांना टचडाउन (बॉल शेवटच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये नेणं) करू दिला नव्हता, १३-६ ने आम्ही पुढे. चौथा सुरू झाला, मॉन्टानाने एंड झोनमध्ये फेकला आणि तो सरळ आमच्या लुइस बिलप्सच्या हातात. दोन्ही हातात! आणि निसटला. पुढच्याच प्लेला राइसचा टचडाउन, १३-१३.

मग आम्ही फील्ड गोल (खांबांमधून किक, तीन पॉइंट) मारून १६-१३, आणि शेवटची तीन मिनिटं राहिलेली, मॉन्टाना स्वतःच्या ८ यार्ड लाइनवर. ९२ यार्ड. पुढचं सगळ्यांना माहितीये, ३४ सेकंद बाकी असताना जॉन टेलरचा टचडाउन. २०-१६.

मला नेहमी वाटतं की ६२ इंटरसेप्शनवाला माणूस बाजूला उभा राहून आपल्या कॉर्नरबॅकच्या हातातून तो बॉल पडताना बघतो तेव्हा काय होत असेल. आणि पुढे दैव बघा, राइस त्या मॅचचा एमव्हीपी, ११ कॅच २१५ यार्ड, आणि २०१० ला हॉल ऑफ फेममध्ये कोणाबरोबर गेला? लबोबरोबर. एकाच दिवशी, एकाच स्टेजवर.

बाय द वे, त्या टीममध्ये डेव्हिड फुल्चर नावाचा सेफ्टी होता, सहा फूट तीन इंच, लाइनबॅकरच्या अंगाचा. लबो त्याला लाइनच्या जवळ आणून सगळीकडे फिरवायचा, कधी ब्लिट्झ, कधी मागे. वीस वर्षांनी स्टीलर्सच्या लांब केसांच्या सेफ्टीला, पोलामालूला बघून लोक वेडे झाले, आम्ही म्हणालो हे आम्ही पाहिलंय, केस लहान होते एवढंच.

अर्धा_कप

पिट्सबर्गमध्ये बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे माझा प्रतिसाद निःपक्षपाती समजू नये.

सुपर बोल ४३ ची ती एक प्ले इथे कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. फेब्रुवारी २००९, टॅम्पा, समोर अॅरिझोना कार्डिनल्स आणि त्यांचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर. हाफ टाइमला १८ सेकंद बाकी, स्टीलर्स १०-७ पुढे पण कार्डिनल्स आमच्या १ यार्ड लाइनवर. टचडाउन झाल्यात जमा. आमच्या जेम्स हॅरिसनला ब्लिट्झला जायचं होतं. वॉर्नरने पण तसंच वाचलं असणार, हॅरिसन येतोय म्हणजे आत झटपट फेकायचं. हॅरिसन एक पाऊल पुढे गेला आणि थांबला, मागे सरकला, आणि बॉल थेट त्याच्या छातीवर. मग १०० यार्ड. शंभर! शंभर-सव्वाशे किलोचा लाइनबॅकर, वाटेत सगळे त्याच्या मागे, आणि एंड झोनमध्ये आडवा पडला तो उठेचना, ऑक्सिजन लावला. घड्याळात शून्य. १४-१० ने मागे पडायच्या ऐवजी १७-७. शेवटी २७-२३ ने जिंकलो, म्हणजे ती प्ले काढा आणि बेरीज करून बघा.

आता गंमत अशी की हॅरिसनला लबोने मागे जा सांगितलं नव्हतं. तो स्वतःच्या अंदाजाने थांबला. पण असा अंदाज बांधायची मुभा असलेला डिफेन्स होता तो.

हॅरिसन म्हणजे कोण? ड्राफ्टमध्ये कोणी घेतला नाही, स्टीलर्सनीच दोन-तीनदा काढून टाकलेला. २००८ ला लीगचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह प्लेयर. कॅम्पमधून हाकललेल्या लबोला असली पोरं दिसायची असं मला नेहमी वाटत आलंय.

नवखा_प्रेक्षक

अर्धा कप, तुमचा प्रतिसाद वाचून ती क्लिप तीनदा लावली. आता कळतंय काय बघायचं, हॅरिसनचे पाय बघायचे, हात नाही.

कडू_कारलं

हं. आता माझी क्लिप लावा. जानेवारी २०१२, डेन्व्हर, प्लेऑफ. त्या सीझनला स्टीलर्सचा डिफेन्स पॉइंट्समध्ये पण पहिला आणि यार्डात पण पहिला. समोर क्वार्टरबॅक टिम टीबो, ज्याच्या पासिंगवर आख्खा देश हसत होता. ओव्हरटाइमची पहिलीच प्ले, सगळे धावणं अडवायला पुढे आलेले, मागे कोणी नाही, टीबो टाकतो डिमेरियस थॉमसला, ८० यार्ड, खेळ खल्लास, २९-२३. कॉर्नरबॅक आयक टेलर एकटा, पाठमोरा. कुठे गेलं तुमचं सेफ प्रेशर? त्याच्याच कॉर्नरबॅकला त्यानेच वाऱ्यावर सोडला की.

आणि ब्रेडीसमोर तर दर वर्षी हजेरी. चार-पाच रिसीव्हर पसरून पटापट फेकायचा, ब्लिट्झ पोचेपर्यंत बॉल गेलेला.

अर्धा_कप

रायन क्लार्क नव्हता त्या दिवशी, सिकल सेलमुळे डेन्व्हरच्या उंचीवर त्याला खेळवत नव्हते. बदली सेफ्टी होता.

कडू_कारलं

कारणं सगळ्यांकडे असतात. उभं कुठे राहायचं हे बदलीला सांगतो कोण?

तळ्याकाठी

कारलेबुवांचा हा मुद्दा मला मान्य आहे आणि क्लार्क असता तरी बहुधा तेच झालं असतं, कारण तो कॉल धावण्यावर लावलेला होता. लबोला टीबोच्या हातावर विश्वास नव्हता. कोणाचाच नव्हता, पण कोऑर्डिनेटरचा पगार त्यासाठीच असतो.

ब्रेडीचंही खरं आहे. झोन ब्लिट्झचं सगळं बळ फसवण्यात. ज्याला फसवता येत नाही त्याच्यापुढे पाच आलेले पाचच असतात आणि मागे पट्ट्यांच्या मधल्या फटी. शिवाय हा डिफेन्स शिकायला वेळ लागायचा. पहिल्या राउंडचा लॉरेन्स टिमन्स २००७ ला आला तर आख्खं वर्ष एकही मॅच स्टार्टर नाही. तेच तेच अकरा जण वर्षानुवर्षं खेळले म्हणून ते डोळ्यांनी बोलायचे, आणि तेच अकरा जण एकदम म्हातारे झाले तेव्हा मागे शिकलेलं कोणी नव्हतं. २०११ नंतरची घसरण मला त्यात दिसते, लबोचं वय झालं म्हणून वगैरे जे लिहून यायचं ते मला पटलं नाही.

घाटावरचा

पण मूळ प्रश्न राहिला, खेळलेला माणूस कोच म्हणून जास्त चांगला का? या खेळात तर बरेच मोठे कोच एनएफएल खेळलेलेच नाहीत ना?

सुपारी

नाहीतच. याच गोष्टीतला डॉम कॅपर्स घ्या, १९९२ ते ९४ स्टीलर्सचा कोऑर्डिनेटर, लबोबरोबर बसून झोन ब्लिट्झ पिट्सबर्गभर करणारा, ‘ब्लिट्झबर्ग’ नाव तेव्हाचं. तो एनएफएल खेळलेला नाही. आणि फेब्रुवारी २०११ च्या सुपर बोलला पॅकर्सचा डिफेन्स त्याच्याकडे, स्टीलर्सचा लबोकडे, दोन्ही बाजूंनी एकाच वहीतल्या प्ले. कॅपर्स जिंकला ३१-२५.

उलट माइक सिंगलटरी. १९८५ च्या बेअर्सचा लाइनबॅकर, हॉल ऑफ फेम, त्याचे डोळे बघून क्वार्टरबॅकला घाम फुटायचा. फॉर्टी नायनर्सचा हेड कोच म्हणून १८-२२.

मंजिरी_कोलंबस

आणि स्टीलर्सचा हेड कोच होता तो बिल काउअर? तो पण खेळलेला, ब्राउन्स आणि ईगल्सचा लाइनबॅकर, फार मोठा नव्हता, बराचसा स्पेशल टीम्सवर. कोच म्हणून हॉल ऑफ फेममध्ये. मला वाटतं जे मधले खेळाडू असतात, ज्यांना टिकून राहायला डोकं वापरावं लागतं, ते कोच चांगले होतात. ज्याला सगळं आपोआप येतं तो दुसऱ्याला काय समजावणार.

तळ्याकाठी

मंजिरीताई, लबोच्या बाबतीत हे अगदी बसतं. तो काही फार वेगवान नव्हता, टिकला तो समोरच्याचा पवित्रा आधी ओळखून. आणि त्याने शिकवलेल्यांची नावं बघा. बेंगल्समध्ये आला तेव्हा त्याच्या हातात केन रायली होता, ६५ इंटरसेप्शन. पिट्सबर्गला आला तर रॉड वूडसन, ७१. म्हणजे यादीत त्याच्या पुढे गेलेल्यांतल्या दोघांना त्याने स्वतः कॉर्नरबॅक खेळताना तासलंय. रायलीला पण हॉल ऑफ फेमने ताटकळतच ठेवलं, २०२३ ला दिलं, तोवर तो वारला होता. कॉर्नरबॅकच्या बाबतीत यांचा हिशोब नेहमीच उशिरा होतो.

अर्धा_कप

दोन गोष्टी राहिल्या.

एक, खेळाडू त्याला ‘कोच डॅड’ म्हणायचे. दर ख्रिसमसच्या आधी तो टीमसमोर उभा राहून सांताक्लॉजची ती जुनी लांबलचक कविता तोंडपाठ म्हणायचा, हातवारे करून. सव्वाशे-दीडशे किलोचे गडी पोरांसारखे मांडी घालून ऐकायचे. नवीन खेळाडूंना आधी वाटायचं चेष्टा चाललीये, मग पुढच्या वर्षी तेच आठवण करून द्यायचे.

दोन, कॅन्टनला एका प्रदर्शनीय मॅचला स्टीलर्सची पोरं लबोची लायन्सची ४४ नंबरची जुनी जर्सी घालून आली होती. हॉल ऑफ फेम तिथेच आहे ना, त्यांच्या दारात जाऊन दाखवलं की याला कधी घेताय. आणि २०१० ला खरंच घेतलं तेव्हा हेड कोच माइक टॉमलिनने कॅम्प सोडून आख्खी टीम बसमधून कॅन्टनला आणली. जगात कुठल्या असिस्टंटसाठी हे होतं?

कडू_कारलं

हे मात्र मानलं.

पण मग खेळाडू म्हणून का घेतलं? कोच म्हणून घ्यायचं होतं.

तळ्याकाठी

कारण कॅन्टनमध्ये कोच म्हणून जे गेलेत ते हेड कोच म्हणून गेलेत, कोऑर्डिनेटरला तिथे दार नाही. लबोला हेड कोच म्हणून न्यायचं तर तुमचेच १२-३३ आडवे येणार! म्हणून जुन्या खेळाडूंच्या कमिटीतून आत. माझं म्हणणं ६२ इंटरसेप्शनवर तो १९८० मध्येच जायला हवा होता, झोन ब्लिट्झचं वेगळं खातं उघडा.

सुपारी

वेगळं खातं उघडलं तर आर्न्सपार्गरला पण घ्यावं लागेल. आणि १९८५ च्या बेअर्सचा डिफेन्स घडवणाऱ्या बडी रायनला. मग रांग लागेल.

तळ्याकाठी

लागू दे की रांग.

आणि डेट्रॉइटचं सांगायचं राहिलं. १४ वर्षं तिथे खेळून त्याला एकही विजेतेपद नाही. प्लेऑफची एकच मॅच, १९७० ची, डॅलसविरुद्ध, ती हरले ५-०. फुटबॉलमध्ये ५-० असा स्कोअर! डिफेन्सने अजून काय करायचं होतं? मग कोच म्हणून पहिला सुपर बोल जानेवारी १९८२, बेंगल्सबरोबर, आणि तो नेमका डेट्रॉइटच्या बाहेर पाँटियाकला, हरले २६-२१. शेवटी फेब्रुवारी २००६, सुपर बोल ४०, फोर्ड फील्ड, डेट्रॉइट शहरातच. सहाव्या नंबरची सीड, सगळ्या प्लेऑफ मॅच परक्या मैदानांवर जिंकून आलेले स्टीलर्स, सीहॉक्सवर २१-१०. चौथ्या क्वार्टरमध्ये १४-१० असताना सीहॉक्स दार ठोठावत होते तेव्हा त्यांच्या क्वार्टरबॅकचा, हॅसलबेकचा पास पकडला आयक टेलरने. तोच टेलर, कारलेबुवा, डेन्व्हरवाला.

कडू_कारलं

बघितली होती ती मॅच. त्यात रेफरींनी काय गोंधळ घातलाय त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

अर्धा_कप

काढू नका. मागच्या वेळी संपादकांना टाळं लावायला लागलं होतं.